'हीव्ह', 'होव्ह' आणि खलाशांचे व्याकरण

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून द्याव्यात, असे संपादक मंडळाने आम्हांस कळविले. वसतिगृहाचे पहिले छप्पर, पाण्यासाठी झालेली वणवण, पहिल्या तुकडीचा निकाल या गोष्टी इतर मंडळी आमच्याहून चांगल्या लिहितील. आम्ही मूळचे इतिहासाचे. परंतु निवासी शाळेत जो शिक्षक मोकळा असेल त्याने तास घ्यावा अशी रीत असल्याने नववीचे इंग्रजीही बरीच वर्षे आमच्याकडे होते. त्या तासांनी आम्हांस ज्या एका क्रियापदाच्या मागे लावले, त्याच्याविषयी येथे लिहावे असे मनात आहे. क्रियापदावर कोणी स्मरणिकेत लेख लिहितो काय, असे कोणी विचारील. परंतु माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना ते क्रियापद आजही आठवत असेल, याची आम्हांस खात्री आहे.

आपल्या ग्रंथालयात कुणा दात्याने दिलेल्या इंग्रजी सागरकथांच्या संक्षिप्त आवृत्त्या होत्या. स्टीव्हन्सनची १८८३ सालची 'ट्रेझर आयलंड' त्यांत होती. अशाच एका पुस्तकात एक जहाज 'होव्ह इन साइट' झाल्याचा उल्लेख आला आणि वर्ग अडला. शब्दाचे स्पेलिंग सोपे, एच-ओ-व्ही-ई. एका मुलाने तो 'हव्ह' असा वाचला, कारण एल-ओ-व्ही-ई म्हणजे 'लव्ह'. दुसऱ्याने 'हूव्ह' म्हटले, कारण एम-ओ-व्ही-ई म्हणजे 'मूव्ह'. मागच्या बाकावरील एक मुलगी म्हणाली, 'होव्ह'. का, असे विचारता तिने भोजनगृहाकडे बोट दाखविले. एस-टी-ओ-व्ही-ई म्हणजे 'स्टोव्ह' हा तिचा आधार. उत्तर तिचे बरोबर होते. पण खरे पाहता तिघांचाही तर्क सारखाच शुद्ध होता. तीन शब्दांत तीच शेवटची अक्षरे आणि उच्चार मात्र तीन, याला मुलांची बुद्धी काय करणार?

पुढची अडचण अर्थाची. मुलांजवळच्या लहान शब्दकोशांत 'होव्ह' सापडेना. मोठा कोश काढला तेव्हा तेथे केवळ 'हीव्ह पाहा' असा निर्देश होता. आम्ही विचारले, 'गेला' हा शब्द मराठी कोशात कोठे शोधाल? क्षणभर शांतता, मग एकाने 'जाणे' म्हटले. वर्गाला चावी सापडली. जाणे–गेला, करणे–केला, मरणे–मेला ही रूपे कोणी शिकविल्यावाचून आपल्या तोंडी बसतात. लहान मूल प्रथम 'मी करलं' म्हणते, कारण नियम त्याला कळलेला असतो. 'केलं' ते मोठ्यांकडून ऐकून शिकते. इंग्रजी मुलेही असेच करतात.

'हीव्ह' म्हणजे जोर लावून उचलणे, ओढणे, फेकणे. जुन्या इंग्रजीत मूळ रूप 'हेब्बन', भूतकाळ 'होफ'. जर्मन भाषेत आजही 'हेबेन' म्हणजे उचलणे आणि त्याचा भूतकाळ 'होब'. जड या अर्थाचा 'हेवी' हा शब्द याच घराण्यातला: जे उचलताना जोर लागतो ते 'हेवी'. स्पेलिंगमध्ये 'हीव्ह' आणि 'हेवी' यांची पहिली चार अक्षरे तीच असून उच्चार निराळे का, हा प्रश्न मुले विचारतात. पण निदान नाते तरी खरे आहे एवढे समाधान त्यांना देता येते. (डोंगरघाटात एस. टी.मध्ये पोटात जे ढवळून येते, त्या उमाळ्यालाही इंग्रजीत 'हीव्ह'च म्हणतात. हा अर्थ शाळेच्या सहलीनंतर कोणीही विसरला नाही.)

काळाच्या ओघात इंग्रजीतील पुष्कळ क्रियापदांनी आतला स्वर बदलण्याची जुनी रीत टाकून शेवटी 'ईडी' लावण्याची सोपी रीत धरली. 'हेल्प'चा भूतकाळ एके काळी 'होल्प' होता, 'क्लाइंब'चा 'क्लोम'. आज 'हेल्प्ड' आणि 'क्लाइम्ड'. 'हीव्ह'चेही तसेच होऊन 'हीव्ह्ड' झाले. एखाद्याने सुस्कारा टाकला तर तो 'हीव्ह्ड'. तेथे 'होव्ह' चालत नाही. मजुराने पोते गाडीत टाकले तेथेही 'हीव्ह्ड'. परंतु जहाजावर मात्र जुने रूप जिवंत राहिले. जहाज क्षितिजावर दिसू लागले, तर 'होव्ह'. जहाज वाऱ्यात थांबविले, तर 'होव्ह टू'. याचे कारण आम्हांस सरळ दिसते. अनियमित रूप टिकते ते रोजच्या वापराने. 'जाणे–गेला' टिकले कारण माणसे रोज जातात. जमिनीवरच्या इंग्रजाला 'हीव्ह' करण्याचे प्रसंग विरळा. खलाशाचा सारा दिवस दोर ओढण्यात जाई. विद्वानांच्या मुखातून गळून गेलेले रूप दोर ओढणाऱ्यांच्या मुखात शिल्लक राहिले, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाने वर्गात दोनदा सांगण्यासारखी आहे, आणि आम्ही ती सांगत आलो.

'हीव्ह टू' यातील 'टू' हाही एक सापळाच. हे टी-ओ आहे. त्यापुढे नाम येत नाही; ते क्रियाविशेषण असून क्रियापदाला चिकटलेले आहे. म्हणून 'गो टु स्कूल' मधल्यासारखे त्याला घाईने गिळायचे नाही, ठासून 'टू' म्हणायचे. उच्चार असा पूर्ण आला की विद्यार्थी लिहिताना आणखी एक 'ओ' जोडतात. जोडू नये. वर्तमानकाळी 'हीव्ह्ज टू', चालू क्रियेत 'हीव्हिंग टू', भूतकाळी 'होव्ह टू', आणि थांबून राहिलेले जहाज 'होव्ह टू' स्थितीत असते.

ही स्थिती म्हणजे काय, ते फळ्यावर काढून दाखविल्याखेरीज कळत नाही. भर समुद्रात नांगर तळाला पोचत नाही. मग शिडाचे जहाज उभे कसे करावे? पुढचे शीड उलट्या बाजूने वाऱ्याला द्यायचे, म्हणजे ते जहाजाचे नाक वाऱ्यापासून दूर ढकलते. मागचे मुख्य शीड आणि सुकाणू असे ठेवायचे की ते नाक पुन्हा वाऱ्याकडे वळवू पाहतील. दोन्ही जोर एकमेकांना खाऊन टाकतात. जहाज वाऱ्याशी तिरके राहून जवळजवळ निश्चल होते, हळूहळू वाहत राहते आणि डेकवरचा गोंधळ शमतो. वादळ ओसरेपर्यंत वाट पाहायला, वाटाड्या येईपर्यंत थांबायला, पडलेला माणूस उचलून घ्यायला ही युक्ती. वारा तोच, शिडे तीच, केवळ मांडणी बदललेली. खडूने बाण काढताना आमच्या वर्गातील शेतकऱ्यांची मुले हे भौतिकशास्त्राच्या मुलांआधी समजत, कारण औताला जुंपलेले दोन बैल विरुद्ध ओढू लागले की काय होते ते त्यांनी पाहिलेले असे.

'हीव्ह टू' हा हुकूमही आहे. युद्धनौकेने व्यापारी जहाजाला तो द्यावा, जहाजाने थांबावे, झडती व्हावी आणि जहाज बुडवायचेच ठरले तर आधी माणसांना सुरक्षित उतरू द्यावे, असा सागरी युद्धाचा जुना दंडक होता. पहिल्या महायुद्धात १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने तो उघडपणे सोडला आणि पाणबुड्या इशारा न देता जहाजे बुडवू लागल्या. त्याच वर्षी बाबासाहेब लंडनहून परतत असताना त्यांचा ग्रंथसंग्रह ज्या वेगळ्या जहाजाने पाठविला होता, ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडविले. बाबासाहेबांची पुस्तके समुद्रात गेली हे आपल्या मुलांना पाठ असते. ती कोणत्या समुद्रनीतीच्या काळात गेली, हे सांगायला हे क्रियापद आमच्या उपयोगी पडले.

आता 'होव्ह इन साइट' याविषयी. येथे जहाज कोणी उचलत नाही, तरी 'उचलले जाणे' हा अर्थ आहेच. पृथ्वी गोल असल्याने दूरचे जहाज एकदम दिसत नाही. प्रथम डोलकाठीचे टोक, मग शिडे, शेवटी काया. पाहणाऱ्याला ते पाण्यातून कोणी वर उचलीत असल्यासारखे दिसते. किनाऱ्यावर उभ्या माणसाचे क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असते. ३० मीटर उंच डोलकाठीवर चढलेल्याला ते सुमारे २० किलोमीटरवर जाते. म्हणून टेहळ्याला वर चढवीत. समुद्र न पाहिलेल्या मुलांना आम्ही शाळेमागच्या टेकडीवर नेऊन चढावावरून येणारा मालट्रक दाखवीत असू: आधी टप, मग काच, मग चाके. भूगोलाच्या आमच्या सहकाऱ्यांनी हा पाठ पुढे आपल्या विषयात घेतला.

हा वाक्प्रचार जमिनीवर आला तो बहुधा भूतकाळी रूपातच. पाहुणे दिसू लागले, मिरवणूक दिसू लागली, की 'होव्ह इनटू व्ह्यू'. परिणाम असा झाला की जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांनाही 'होव्ह' हेच मूळ क्रियापद वाटू लागले. मग ते 'होव्ह्ज' म्हणतात, 'होव्हिंग' म्हणतात, आणि 'होव्ह्ड' असे दुहेरी भूतकाळाचे रूपही लिहितात. मराठीत 'गेलला' म्हणावे तसे. मौज अशी की मध्ययुगीन इंग्रजीत तरंगत राहणे या अर्थाचे 'होव्ह' नावाचे एक निराळे क्रियापद खरोखरच होते, आणि घिरट्या घालण्याचे 'हॉव्हर' त्याच्यापासूनच निघाले. आजची चूक त्या जुन्या शब्दातून आलेली नाही. तरी ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांनाही हे रूप सांभाळत नाही, हे आपल्या मुलांना सांगण्यात आम्हांस आनंद होई, तो का लपवावा?

कारण याच सुमारास एक प्रसंग घडला होता. एका आंतरशालेय वाचनस्पर्धेत आपल्या मुलीने सागरकथेतील उतारा वाचला. वाचन स्वच्छ होते, आवाज खणखणीत. 'बी-ओ-ए-टी-एस-डब्ल्यू-ए-आय-एन' हा शब्द तिने लिहिल्याप्रमाणे 'बोटस्वेन' असा वाचला. परीक्षकांपैकी एक गृहस्थ हसले. हसण्याचे कारण त्यांनी सांगितले ते असे: "याला 'बोसन' म्हणतात. पण असले उच्चार घरातच कानांवर पडावे लागतात." मुलगी खाली मान घालून बसली. परतताना टेम्पोत ती बोलली नाही. 'घरात' या शब्दाचा रोख तिला कळला होता, आम्हांसही कळला होता.

उच्चाराची दुरुस्ती योग्यच होती. परंतु घर कोणाचे? बोसन म्हणजे जहाजावरच्या दोर, शिडे, नांगर यांचा मुकादम. शब्दातला 'स्वेन' हा जुन्या नॉर्स भाषेतला, आणि त्याचा अर्थ पोऱ्या, चाकर. त्या परीक्षकांच्या घरी बोसन जेवायला येत असेल असे आम्हांस वाटत नाही. हा उच्चार उमरावांच्या दिवाणखान्यातून आलेला नाही. जहाजाच्या नाकाशी असलेल्या ज्या दमट, अंधाऱ्या जागेत सामान्य खलाशी राहत, तेथून तो आला. त्या जागेचे नाव लिहिताना 'फोर' आणि 'कॅसल', म्हणजे पुढचा किल्ला, असे भारदस्त लिहितात. बोलताना मात्र ते 'फोक्सल'. जहाजाच्या काठाला लिहितात 'गनवेल', म्हणतात 'गनल'. वाऱ्याआडच्या बाजूला लिहितात 'लीवर्ड', म्हणतात 'लूअर्ड'. 'मेनसेल'चे 'मेन्सल', 'कॉक्सस्वेन'चे 'कॉक्सन'. वादळात ओरडून सांगायच्या शब्दाला तीन अवयव परवडत नाहीत. माणसांनी ते तोंडात झिजवून गोटे केले. आणि जो साहेब पुस्तक वाचून 'फोर-कॅसल' म्हणत जहाजावर चढे, त्याला अडाणी ठरविण्याचा हक्क खलाशांचा होता. पुढे कोशकारांनीही मान तुकविली: 'बी-ओ-एस-यू-एन' हे स्पेलिंग कोशात आले, आणि 'फोक्सल' तर गाळलेल्या अक्षरांच्या जागी लोपचिन्हे देत छापू लागले.

कोशकारांवरून आठवले. इंग्रजीतील गाजलेला नाविक कोश १७६९ मध्ये लंडनला निघाला. त्याचा कर्ता विल्यम फाल्कनर हा एडिंबरोच्या एका न्हाव्याचा मुलगा. लहान वयात जहाजावर गेला, जहाज फुटल्याच्या अनुभवावर १७६२ मध्ये 'द शिपरेक' हे काव्य लिहिले आणि मग हा कोश रचला. कोश निघाला त्याच वर्षी तो 'अरोरा' नावाच्या युद्धनौकेवरून हिंदुस्थानकडे निघाला. केप सोडल्यानंतर त्या नौकेचा पत्ता कधीच लागला नाही. दुसरा माणूस अमेरिकेतला, रिचर्ड हेन्री डेना. हार्वर्डचा विद्यार्थी, गोवराने डोळे अधू झाले म्हणून १८३४ मध्ये साधा खलाशी होऊन निघाला, आणि फोक्सलमधील जिण्यावर १८४० मध्ये पुस्तक लिहिले. पुढल्याच वर्षी खलाशांसाठी संज्ञा, कामे व कायदा सांगणारे दुसरे पुस्तक काढले. वकील होऊन तो खलाशांचे आणि मालकांच्या तावडीतून पळालेल्या गुलामांचे खटले चालवीत असे. त्या मुलीला आम्ही ही दोन्ही माणसे सांगितली. सांत्वन म्हणून नव्हे. हा तिच्या उताऱ्याचाच इतिहास होता.

आपला संबंधही यात आहे. इंग्रजांच्या जहाजांवर हिंदी खलाशी हजारोंनी होते, त्यांत रत्नागिरीकडील कोकणी माणसे पुष्कळ. त्यांच्या मुकादमाला सारंग म्हणत, त्याच्या हाताखालच्याला तांडेल. कोळीवाड्यांत तांडेल आजही ऐकू येतो. या माणसांना हुकूम कळावेत म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनाच त्यांची बोली शिकावी लागे. थॉमस रोबक याने १८११ मध्ये त्यासाठी इंग्रजी–हिंदुस्थानी नाविक कोश सिद्ध केला. फारसी, हिंदुस्थानी, पोर्तुगीज, सगळे त्या बोलीत कालवलेले. ती बोली शुद्ध आहे काय, असे भर वादळात कोणी विचारले नसेल.

जाता जाता आणखी एक स्पेलिंग. नांगर उचलणे याला इंग्रजीत 'वे' म्हणतात, डब्ल्यू-ई-आय-जी-एच. नांगर तळापासून सुटला की तो 'अवे'. येथे दूर जाण्याचा 'अवे' लिहिणे चूक, जरी अर्थ जुळतो असे वाटले तरी. याउलट जहाज चालू लागले की 'अंडर वे', आणि हा 'वे' वाटेचा, डब्ल्यू-ए-वाय. डच भाषेतून तो आला. नांगराच्या आठवणीने चांगले चांगले लेखकही येथे वजनाचा 'वे' लिहून गेले आहेत. पण वजनाचा आणि वाटेचा, दोन्ही 'वे' मूळचे एकाच धातूचे, आणि त्याचे संस्कृत भावंड म्हणजे 'वह्'. आपले वाहणे, वाहन, वाहतूक त्यातूनच आले. डोक्यावरून ओझे वाहणाऱ्या माणसाच्या तोंडी हा धातू आजही ताजा आहे.

मराठीच्या तासाला आम्ही काय करतो, असे पालक विचारतात. आपल्या मुलांच्या घरी 'पानी', 'लोनी', 'आनि' म्हणतात. कागदावर 'पाणी' लिहावे, परीक्षेत 'पाणी' म्हणावे, हे आम्ही शिकवितोच, आणि कडकपणे शिकवितो. जगात ते लागते. परंतु वर्गात 'पानी'ला हसणाऱ्याला आम्ही कधी बसू दिले नाही. इंग्रजी कोशात बोसनला जी जागा मिळाली ती मराठी कोशात 'पानी'ला का मिळू नये, हा प्रश्न आम्ही भाषातज्ज्ञांसाठी ठेवतो. आमचे मत विचाराल, तर मिळावी.

आपला एक माजी विद्यार्थी बारावीनंतर सहा महिन्यांचे जहाजप्रशिक्षण घेऊन आता मालवाहू जहाजावर डेकचे काम करतो. गेल्या वर्षी सुटीत तो शाळेत आला. आम्ही प्रथम विचारले ते हेच, की 'हीव्ह' चालते का. तो हसून म्हणाला, "सर, दिवसभर तेच. धक्क्याला लागताना वॉकीटॉकीवर 'हीव्ह' आलं की विंचवर दोर ओढायचा, 'स्लॅक' आलं की सोडायचा. धक्क्यावर आधी जी बारीक दोरी फेकतो, तीच हीव्हिंग लाइन." तिच्या टोकाच्या जड गाठीला माकडाची मूठ म्हणतात, हे सांगून त्याने सहावीच्या मुलांना शाळेच्या घंटेच्या दोरीवर ती गाठ बांधून दाखविली.

"आणि होव्ह?" आम्ही विचारले.

तो थोडा विचारात पडला. "डेकवर कधी नाही ऐकलं सर. हुकूम आत्ताचा असतो ना. पण एकदा खराब हवेत दोन दिवस थांबून होतो, तेव्हा लॉगबुकात थर्ड ऑफिसरनं लिहिलेलं पाहिलं. 'होव्ह टू', एकच ओ." गाठ त्याने सोडली नाही, घंटेच्या दोरीला ती अजून तशीच आहे.